सोसायटीच्या रस्त्याला डांबरी माल किती टन लागेल?

मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय: आतला रस्ता १२० मीटर लांब, ६ मीटर रुंद, शिवाय दोन विंगांच्या मध्ये १५ बाय १८ मीटरचं पार्किंग. जुना डांबरी रस्ता जागोजागी उखडलाय, त्यावर ४० मिमीचा नवा थर टाकायचा आहे. एका ठेकेदाराने ९५ टन माल सांगितला, दुसऱ्याने १३०. कमिटीतले निम्मे लोक दुसऱ्याला चोर ठरवून मोकळे झालेत. खरा आकडा कोणता? आणि याऐवजी नुसतं कारपेट-सीलकोट, म्हणजे खडी-डांबराचा पातळ थर आणि त्यावर डांबरी लेप, केलं तर?

आधी ९५ कुठून आले ते बघू. १२० गुणिले ६ म्हणजे ७२० चौरस मीटर, पार्किंगचे २७०, एकूण ९९०. त्याला ०.०४ मीटर जाडीने गुणलं की ३९.६ घनमीटर. रोलिंग झालेल्या मालाचं वजन घनमीटरला २.४ टन धरलं की ९५.०४ टन. म्हणजे पहिल्या ठेकेदाराने तुमचीच मापं घेऊन कॅल्क्युलेटर चालवलाय. जागेवर येऊन त्याने काही मोजलं असेल असं या आकड्यावरून वाटत नाही. १३० वाल्याने कदाचित मोजलंय, किंवा अंदाजाने चढवलंय. त्याचा कागद बघितल्याशिवाय त्याला चोर म्हणू नका आणि साव तर मुळीच म्हणू नका.

एक आकडा मात्र तुम्ही आत्ताच लिहून ठेवा. तुमच्या ९९० चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी वाढली की सुमारे २.४ टन माल वाढतो. दोन्ही कोटेशनमधला फरक ३५ टनांचा आहे, म्हणजे सरासरी १५ मिमीपेक्षाही कमी. उखडलेल्या रस्त्यावर १५ मिमी म्हणजे काहीच नाही, नुसत्या चपलेच्या टोकाने कळतात असे खड्डे असतात तिथे. लोक लांबी-रुंदी दोनदोनदा मोजतात आणि खालचा जुना पृष्ठभाग सपाट आहे असं गृहीत धरतात. सगळा घोळ तिथेच असतो.

तरी क्षेत्रफळाचंही एकदा नीट बघून घ्या. ६ मीटर रुंदी कुठून कुठपर्यंत मोजली? भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली असेल तर पावसाळी गटार त्यात आलं. एका बाजूला ४५ सेंटीमीटरचं गटार १२० मीटरभर असेल तर ५४ चौरस मीटर गेले, म्हणजे पाच टनांहून जास्त माल. दुसरं, सोसायटीचा रस्ता सगळीकडे सारखा रुंद कधीच नसतो. कुठे ट्रान्सफॉर्मरची खोली आत आलेली असते, कुठे गुलमोहराचा ओटा. दर १० मीटरवर टेप धरून रुंदी घ्या आणि त्यांची सरासरी काढा. वळणावरचा आतला गोलाकार कोपरा राहून जातो, त्याचं क्षेत्रफळ त्रिज्येचा वर्ग गुणिले ०.२१५. पाच मीटर त्रिज्येचे दोन कोपरे धरले तर जेमतेम ११ चौरस मीटर होतात, पण बिलाच्या वेळी त्यावरून भांडण होतं म्हणून आधीच कागदावर असू द्या. चेंबरची झाकणं वजा करण्याच्या फंदात पडू नका. २५ झाकणं दोन फूट बाय दोन फुटांची धरली तरी ९ चौरस मीटर होतात, एक टक्काही नाही. ती झाकणं नव्या पातळीला उचलायचा खर्च वेगळा लावतात, तो मात्र विचारून घ्या. नाही विचारला तर काम संपल्यावर झाकणं खड्ड्यात आणि रस्ता वर, असं दृश्य दिसतं.

२.४ या आकड्याबद्दलही सांगायला हवं. इंटरनेटवरचे बरेच कॅल्क्युलेटर परदेशी सवयीप्रमाणे २.३२ च्या आसपास घनता धरतात. आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची, ती जड असते. तिचं विशिष्ट गुरुत्व २.८ च्या वर जातं, त्यामुळे दाबलेला माल २.४ ते २.४५ भरतो. तुमच्याच कामावर २.३२ धरलं तर ९२ टन होतात आणि २.४५ धरलं तर ९७. पाच टनांचा फरक केवळ एका दशांशाने पडतो. म्हणून ठेकेदार ज्या प्लांटवरून माल आणणार आहे तिथल्या जॉब मिक्सचा, म्हणजे या कामाच्या मिश्रणाचा, कागद मागा. त्यात घनता, खडीचं प्रमाण आणि डांबराची टक्केवारी लिहिलेली असते. ४० मिमीच्या वरच्या थराला बीसीची (बिटुमिनस काँक्रीट, वरच्या थराचा दाट डांबरी माल) बारीक ग्रेडिंग, म्हणजे १३.२ मिमी खडीची वापरतात. रस्ते मंत्रालयाच्या मानकात ती ३० ते ४० मिमी जाडीसाठी आहे आणि डांबर मालाच्या वजनाच्या किमान ५.४ टक्के. कागद द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर माल कुठून येणार हेच त्याने अजून ठरवलेलं नाही असं समजा.

आता खरी मोजणी. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. ऑटो लेव्हल असेल तर उत्तम, नाहीतर गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब, लाइनदोरी, दोन खिळे आणि स्टीलची फूटपट्टी पुरते. दर ५ मीटरवर रस्त्याला आडवी रेघ मारा. दोन्ही कडांना खिळे ठोका आणि नव्या थराचा तळ जिथे यायला हवा त्या पातळीला दोरी ताणा. म्हणजे तयार रस्त्याची पातळी ठरवायची आणि त्यातून ४० मिमी वजा करायचे. मग दोरीपासून जुन्या रस्त्यापर्यंत किती खाली आहे ते डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे मोजायचं. १२० मीटरला २५ रेघा, ७५ आकडे. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे, फक्त आदल्या रात्री गाड्या हलवायची नोटीस लावा.

सरासरी काढताना एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. समजा ४० मीटरच्या रेघेवर डावीकडे १८, मध्ये ४ आणि उजवीकडे २२ मिमी आलं. सरळ बेरीज करून तीनने भागलं तर १४.७ येतात. पण मधला आकडा दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या पट्ट्यांसाठी चालतो, कडेचा एकाच बाजूसाठी. म्हणून मधल्याला दुप्पट मान द्यायचा: १८ अधिक ८ अधिक २२, भागिले चार, म्हणजे १२. फरक २.७ मिमीचा. सगळ्या रेघांवर असाच राहिला तर तुमच्या कामात सहा टन जादा दिसतील. आपल्याकडे कडा बसलेल्या आणि मध्य उंच असा रस्ता फार आढळतो, त्यामुळे ही चूक नेहमी ठेकेदाराच्याच फायद्याची पडते.

दोरी कुठे टेकते तेही बघा. जुना स्पीडब्रेकर, केबल टाकून बुजवलेल्या चराचा फुगवटा, झाडाच्या मुळाने उचललेला भाग, अशा एखाददुसऱ्या उंचवट्याला दोरी अडली म्हणून सगळी पातळी वर घेतात. १५ मिमीच्या उंचवट्यासाठी सगळा रस्ता १५ मिमी उचलला की झाले ३५ टन. तो उंचवटा ब्रेकरने किंवा मिलिंग मशीनने तासून टाकायला अर्धा दिवस लागतो. १३० टनांच्या कोटेशनमध्ये मला पहिला संशय याचाच येतो. चोरीपेक्षा आळस जास्त महाग पडतो.

समजा मोजणीत तुमच्याकडे सरासरी ११ मिमी भर, म्हणजे दोरीखालची भरून काढायची खोली, निघाली. ९९० गुणिले ०.०११ गुणिले २.४ म्हणजे सुमारे २६ टन. ९५ आणि २६ मिळून १२१. त्यावर वाया जाणारा माल. पेव्हर, म्हणजे माल पसरायचं मशीन, चालणार असेल तर मी २ ते ३ टक्के धरतो, दाताळ्याने हाताने पसरायचं असेल तर ५. तुमच्या ६ मीटर रस्त्यावर छोटा पेव्हर चालेल, पार्किंगच्या कोपऱ्यांत मात्र हातच लागणार. ३ टक्क्यांनी १२५ टनांच्या आसपास जातो. म्हणजे १३० वाला फार लांब नाही, आणि ९५ वाला काम घेऊन निम्म्यावर आला की एकतर जादा टनांचं बिल लावेल, नाहीतर थर पातळ करेल.

ही भर नव्या थरातच टाकायची की वेगळी, हा हिशेबाचाच भाग आहे. एखाद्या ठिकाणी भर ४० मिमीपर्यंत असेल तर ती वरच्या थराबरोबर एकत्र टाकता येते. त्याहून खोल खड्डा असेल तर आधी वेगळा थर टाकून, दाबून घ्यावा लागतो आणि तो जाड खडीच्या मिश्रणाचा असतो. जाड खडीच्या मालात डांबर कमी लागतं, डीबीएमच्या (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, खालच्या थराचा जाड खडीचा माल) ५० ते ७५ मिमी थरासाठीच्या ग्रेडिंगमध्ये किमान ४.५ टक्के, त्यामुळे तो टनामागे स्वस्त पडतो. सगळी भर महागड्या बीसीनेच दाखवली असेल तर तिथे बोट ठेवा.

ढाळाचा मुद्दा वेगळाच आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत पाऊस सुरू होतो आणि मग चार महिने रस्ता सुकत नाही, म्हणून जोराच्या पावसाच्या भागात अडीच टक्क्यांपर्यंत ढाळ देतात. ६ मीटर रस्त्याला मधून दोन्हीकडे अडीच टक्के ढाळ म्हणजे मधोमध कडेपेक्षा ७५ मिमी उंच. आता तुमचा रस्ता पार सपाट झाला असेल आणि कोणी म्हणालं, काळजी नको, नव्या थरातच ढाळ काढून देतो, तर त्रिकोणाची सरासरी उंची ३७.५ मिमी होते. ७२० चौरस मीटरवर ते जवळपास ६५ टन. तेवढा बीसी माल ढाळासाठी जाळायचं कारण नाही. ढाळ खालच्या थरात काढा किंवा मिलिंगने जुन्या रस्त्यातच कोरून घ्या.

पाणी कुठे साचतं हे एप्रिलमध्ये दोरीने नीट कळत नाही. टँकर सोडा किंवा टाकीचा पाइप अर्धा तास मोकळा सोडा. पाणी वाहून गेलं की जी डबकी उरतात त्यांच्या कडेने खडूने रेघ मारा आणि सर्वांत खोल जागी फूटपट्टी उभी धरा. ए विंगच्या जिन्यासमोर २८ मिमी, मीटर रूमच्या दाराशी १५, असं थेट नकाशावर लिहा. या चाचणीत फक्त खोलगट भाग कळतो, एकंदर ढाळ आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी दोरीच. जुलैमध्ये कोणी सभासदाने साचलेल्या पाण्याचे फोटो काढून ठेवले असतील तर ते सोन्यासारखे जपा.

मिलिंगचं म्हणाल तर मुंबईच्या जुन्या सोसायट्यांत ते टाळता येत नाही. दर काही वर्षांनी थरावर थर चढवल्यामुळे रस्ता लॉबीच्या पायरीला टेकलेला असतो आणि पंप रूममध्ये पाणी शिरायला लागतं. ३० मिमी खरवडलं तर ९९० चौरस मीटरवर घट्ट माप २९.७ घनमीटर. खरवडल्यावर तो माल फुगतो, ३० टक्के फुगवटा धरला तर ३८-३९ घनमीटर, म्हणजे १३-१४ ब्रास डेब्रिज उचलायचं. त्याच्या गाड्या, त्याची टाकायची जागा, हे सगळं कोटेशनमध्ये असायला हवं. आणि खरवडलेल्या पृष्ठभागावर खाचा असतात, तिथे टॅक कोटचं (जुना आणि नवा थर चिकटवणारा हात) डांबरी इमल्शन थोडं जास्त लागतं. जुन्या डांबरी रस्त्यावर साधारण चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम धरतात. २५० ने तुमचं सुमारे २५० किलो होतं, २०० किलोचा एक ड्रम आणि वर थोडं. कोटेशनमध्ये ते अजिबात नसेल तर नवा थर वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

ब्रासवरून आठवलं. काही ठेकेदार अजून ब्रासमध्ये भाव सांगतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर (फरशीवाल्यांचा १०० चौरस फुटांचा ब्रास वेगळा, त्याच्याशी गल्लत नको). तुमचे ३९.६ घनमीटर बरोबर १४ ब्रास होतात आणि ऐकायला सगळं जुळतं. पण ते दाबलेल्या थराचं माप आहे. डंपरमधला माल सैल असतो, ४० मिमी थर हवा तर ५० मिमी सैल पसरावा लागतो. त्याने १४ ब्रास सैल माल आणला तर वजन भरतं सुमारे ७६ टन. म्हणजे १९ टन गायब, आणि कोणी खोटं बोललेलं नाही. म्हणून हॉटमिक्सचा व्यवहार टनातच करा.

चौरस फुटाचा भावही तसाच. तुमचं क्षेत्र १०,६५६ चौरस फूट आहे. चौरस फुटाने पैसे मिळणाऱ्याला थर पातळ करण्यात फायदा, टनाने मिळणाऱ्याला माल ओतण्यात. मी टनाचाच करार करायला सांगतो, पण वर कमाल मर्यादा घालून. मोजणीचा तक्ता कराराला जोडायचा, १२५ टनांच्या पुढे गेलं तर कमिटीची आधी लेखी संमती. शिवाय काम झाल्यावर तीन ठिकाणी कोअर, म्हणजे थरातून कापलेले गोल नमुने, काढायचे. कोअरमधून जाडी आणि घनता दोन्ही कळतात, त्यामुळे कोणाच्या शब्दावर राहावं लागत नाही. भाव किती दिवस बांधील तेही लिहून घ्या, कारण तेल कंपन्या डांबराचे दर दर पंधरवड्याला बदलतात.

टाकायच्या दिवशी गाड्यांचा हिशेब असा. दहा चाकी डंपरमध्ये १६ टन धरले तर आठ गाड्या. प्रत्येक गाडीची काटा पावती घ्या, त्यावर भरलेलं आणि रिकामं दोन्ही वजनं हवीत. रिकामं वजन दर फेरीला एकच छापलेलं असेल तर एकदा गाडी रिकामी झाल्यावर जवळच्या काट्यावर फिरवून आणायला सांगा. सगळ्या गाड्या एकदम बोलावू नका. घोडबंदर रोडवर गाडी अडकली की ताडपत्रीखाली माल गार होतो. व्हीजी ३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत उरकायला हवं. गार माल परत पाठवायचा अधिकार तुमच्याकडे आहे, पण त्यासाठी हातात थर्मामीटर पाहिजे.

आणि जागेवरची सोपी तपासणी. ४० मिमीच्या थराला चौरस मीटरला ९६ किलो माल लागतो. ६ मीटर रुंदीत १६ टनांची गाडी २८ मीटरला संपायला हवी. तुमची भर आणि वाया जाणारा माल धरून सरासरी १२६ किलो होतात, म्हणजे साधारण २१ मीटर. कुंपणाच्या भिंतीवर खडूने दर ५ मीटरला खुणा करून ठेवा आणि वॉचमनला गाडी क्रमांक आणि कुठपर्यंत गेली ते लिहायला सांगा. एखादी गाडी ३५ मीटर गेली तर तिथला थर जास्तीत जास्त ३२ मिमी आहे, तोही खाली एकही खड्डा नसेल तर. तेव्हाच काम थांबवून बोला. रोलर फिरून गेल्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

शेवटची गाडी मागवताना थांबा. सातवी गाडी रिकामी होत आली की उरलेलं क्षेत्र पुन्हा टेपने मोजा आणि तेवढाच माल प्लांटला सांगा. पाच-सात टन उरला तर तो परत जात नाही, तुमच्याच गेटसमोर कुठेतरी जाड करून ओतला जातो आणि बिलात पूर्ण लागतो. गेटच्या बाहेरचा तुकडा मात्र महापालिकेचा आहे, त्याला हात लावू नका.

राहिलं कारपेट-सीलकोट. २० मिमीच्या ओपन ग्रेडेड कारपेटला १० चौरस मीटरला ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर लागतं. तुमच्या ९९० ला सुमारे २६.७ घनमीटर म्हणजे साडेनऊ ब्रास खडी, आणि १,४४५ किलो डांबर. वर बी प्रकारचा (डांबर-वाळूच्या मिश्रणाचा) सीलकोट १० चौरस मीटरला ६.८ किलोने ६७३ किलो. दोन्ही मिळून सव्वादोन टनांच्या आत डांबर, तर १२५ टन बीसीमध्ये पावणेसात टन. खर्चातला फरक इथूनच कळतो. पण कारपेट ही पोकळ खडीची चादर असते, सीलकोट झिजला की पावसाचं पाणी थेट आत जातं, आणि ती खालचे खड्डे भरून काढत नाही. तुमच्यासारख्या उखडलेल्या रस्त्यावर मी ते करणार नाही. दोन-तीन वर्षांनी रस्ता खोदून ड्रेनेज लाइन बदलायचीच असेल, तर मात्र खड्डे बुजवून कारपेट करा आणि बीसीचे पैसे तोवर फंडात ठेवा.